जेनाऊच्या मडक्यांचा बाप

नऊ वर्षं इनी जेनाऊनं त्या रोपाला बर्फ घातला. डोंगरावरच्या गारव्यात वाढणारी जात ती. खाली सपाटीवरच्या उकाड्यात तिला दुपार सोसायची नाही. म्हणून जेवणं उरकली की इनी बशीत बर्फ घेऊन बाहेर जायची आणि एकेक खडा मुळाशी ठेवायची. घरच्यांना सरबतात बर्फ मिळाला नाही तरी चालेल, रोपाचा चुकता कामा नये. रोप होतं माकडमडक्याचं. पानाच्या टोकाला मडकं लोंबतं, मडक्यात पाणी आणि पाण्यात बुडालेल्या माशा-मुंग्या. अशी बारकी मडकी रस्त्याकडेच्या गटाराशीही पोत्यानं मिळतात. पण इनीच्या रोपाचं मडकं वीतभर, लालबुंद, ओठांवर पट्टे. एका लांबलचक छपराखाली बावीस दारं, बावीस घरं, अशा त्या लांबघरात त्याला तोड नव्हती.

तोड नाही म्हटलं की आठव्या दारातल्या अकी उंचाटच्या पोटात दुखायचं. त्याच्याकडे दलदलीतलं दोन सुळ्यांचं माकडमडकं होतं. ऊन नाही, पाऊस नाही, कशालाच न जुमानणारं, अगदी मालकासारखं.

या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, आणि तुरा येईपर्यंत कोण कोण ते कळत नाही. इनीच्या रोपाबद्दल उंचाट नऊ वर्षं छातीठोकपणे सांगत होता, "नर निघणार. त्या मिशा बघा की!" मेच्या अखेरीस तुरा आला आणि मादी निघाली. त्याच आठवड्यात उंचाटच्या रोपालाही तुरे आले. तो नर होता.

इनीच्या मनात कधीपासून एकच होतं. आपल्या राणीचं रूप आणि दलदलीतल्या दांडग्याचा काटकपणा एका रोपात यायला हवा. बर्फाचे लाड नकोत. कोणीही कुठेही कुंडीत लावावं आणि ते जगावं. मादीची फुलं पाच-सहा दिवस चिकट राहतात, मग खेळ खलास. पुढच्या तुऱ्याला पुन्हा नऊ वर्षं लागली तर इनी ऐंशीची होणार होती. म्हणून अभिमान गुंडाळून ती आठव्या दाराशी गेली.

"पराग हवेत?" उंचाट म्हणाला. "घे की, तुला कोण नाही म्हणतंय! फक्त पिल्लांच्या पाटीवर माझ्या रोपाचं नाव आधी लिहायचं."

"आईचं नाव आधी लिहितात, उंचाट. जगभर तसंच लिहितात."

"जग माझ्या दारात पराग मागायला आलेलं नाही. तू आली आहेस."

"नऊ वर्षं बर्फ मी घातला! तुझा हा नवरदेव कामाचा पाच मिनिटांपुरता, आणि नाव त्याचं आधी?"

"मग बघ दुसरं स्थळ," असं म्हणून त्यानं रोपावर मच्छरदाणी टाकली आणि तिच्या दोरीला घंटी बांधली.

तीन दिवस इनी त्या घंटीकडे बघत बसली. चौथ्या दिवशी गवाय होता, सुगीचा सण. त्या दिवशी दारी आलेल्याला कोणी परत पाठवत नाही, आणि वडीलधाऱ्या माणसानं कोंबडा ओवाळून दिलेला आशीर्वाद तर कोणाच्या बापाची नाकारायची टाप नाही. लांबघरात वयानं सगळ्यांत मोठी बाई म्हणजे इनीच. तिनं सकाळीच भरघोस शेपटीचा कोंबडा निवडला, त्याची शेपटी धुऊन पुसून कोरडी केली आणि पहिल्या दारापासून ओवाळायला सुरुवात केली.

आठव्या दाराशी मच्छरदाणी नव्हती. घंटीही नव्हती. उंचाट नवा सदरा घालून हसत उभा होता. त्यानं इनीला तांदळाच्या दारूचा एक पेला दिला, मग आग्रहानं दुसरा दिला.

"तुझ्या रोपालाही आशीर्वाद देते हं," इनी म्हणाली.

"दे ना. तेही घरचंच माणूस."

इनीनं कोंबडा रोपावर धरला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. प्रत्येक आकड्याला शेपटी तुऱ्यांमधून फिरत होती. कोंबडा केकाटत होता आणि इनी मोठमोठ्यानं सुख, धान्य, दीर्घायुष्य मागत होती. मग मधली तीन दारं सोडून ती तडक आपल्या दाराकडे गेली. तिथे राणीला कोंबडा ओवाळताना तिला इतकं हसू येत होतं, की आकडे दोनदा चुकले. मधल्या तिन्ही दारांनी वर्षभर तिच्याशी अबोला धरला, पण पिवळी धूळ फुलांवर बसली होती.

शेंगा धरल्या. केसासारखं बारीक बी निघालं. ओल्या शेवाळावर रोपं उगवली. इनी जो भेटेल त्याला सांगे, "बापाचे सुळे येणार बघा!" वर्ष झालं. रोपं बोटभर झाली, पण सुळ्यांचा पत्ता नाही. मडकी बारकी, लांबुळकी, कुठंतरी पाहिल्यासारखी.

मग एक दिवस लांबघराचा मुखिया बाहेरगावी गेलेला आणि बाकी सगळं लांबघर ओसरीवर मिरी निवडत बसलेलं असताना उंचाट खाकरला. "जेनाऊ, एक सांगायचं राहिलं. गवायच्या सकाळीच मी माझे तुरे कापून फ्रिजमध्ये ठेवले होते. तू ओवाळलेस ते गटाराकडचे. माझ्या रोपाला दोऱ्यानं बांधले होते मी."

हसून हसून लोकांच्या सुपातली मिरी सांडली. इनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राणीची सोयरीक गटाराशी! ती उठली. घरात जाऊन रोपांचं ताट उचललं आणि मिरी वाळवतात त्या उघड्या माचावर नेऊन आदळलं. ना सावली, ना बर्फ. "मरा मेल्यांनो," म्हणाली, आणि मग आत जाऊन खूप रडली.

ती मेली नाहीत. माचावर पाय भाजत होते, पण ताटातली रोपं तरारली. पाणी चुकलं तरी वाढली. एकदा डुकरानं ताट उलथं केलं, तरी वाढली. दुसरं वर्ष सरता सरता मडकी वीतभर झाली. आईसारखी लालबुंद, ओठांवर पट्टे, आणि कणखर इतकी की इनीनं मुद्दाम महिनाभर दुर्लक्ष करून पाहिलं, तरी टवटवीत. एकेक रोप एकेका दाराशी गेलं. अबोला धरलेल्या तीन दारांना दोन-दोन मिळाली. आठव्या दाराला मिळालं नाही.

तिसऱ्या वर्षी कुचिंग शहरातल्या एका रोपवाटिकेच्या बाई खास ती रोपं बघायला आल्या. मुखियासकट सारे जमले. बाई रोपाभोवती दोनदा फिरल्या. "गटाराकडच्या नराशी जोड लावायचं कोणा प्रतिष्ठित माणसाच्या डोक्यातच आलं नसतं. ही अक्कल कोणाची?"

इनीनं नजर खाली वळवली आणि लाजल्यासारखं केलं. "आता आपलं आपण काय सांगायचं?"

उंचाटला ते सहन होईना. रोपांची वाहवा सुरू झाल्यापासून तो तोंड दाबून बसला होता. "खोटं! साफ खोटं!" तो ओरडला. "तिला काय ठाऊक? मी फसवलं तिला! गवायच्या दिवशी, माझ्या या हातांनी, दोऱ्यानं तुरे बांधून!"

"सणाच्या दिवशी? आशीर्वादात खोट?" मुखियानं विचारलं.

"हो तर!" उंचाट अभिमानानं म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"एक डुक्कर दंड," मुखिया म्हणाला.

"आणि तिनं कोंबड्याच्या शेपटीनं माझे पराग चोरले, त्याचं काय?"

"तुझे कुठले? तुझे फ्रिजमध्ये होते. गटार सरकारचं आहे."

पुन्हा हशा पिकला. उंचाट मान खाली घालून उभा राहिला. इनीला वाटलं होतं, हा दिवस आला की आपण नाचू. पण त्याचं ते उतरलेलं तोंड बघून तिला एकदम त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. तिनं पाटी मागवली, गुडघ्यावर ठेवली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत लिहिलं. आई: जेनाऊची राणी. बाप: रस्त्याकडचा कोणीतरी. मग थोडं थांबून तिनं खाली आणखी एक ओळ घातली. सोयरीक जुळवणारा: उंचाट, दार आठवं.

उंचाटनं पाटी हातात घेतली, दोनदा वाचली. नावावर बोट फिरवून शाई वाळली का ते पाहिलं. आणि मग ताठ मानेनं, सगळ्यांच्या देखत, आपलं सगळ्यांत जाडजूड डुक्कर दंडासाठी आणायला गेला.