मागच्या चाकापाशी वाकलेला क्लॅम्प

मित्रांनो, मी एक जुना सी-क्लॅम्प आहे आणि माझ्या स्क्रूच्या आट्यांमध्ये आजही कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांगीचे तुकडे अडकलेले आहेत. हे सांगताना माझी मलाच किळस येते. पण सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण मला कोणत्या हातांत दिवस काढावे लागले हे तुम्हांला त्यावरूनच कळेल.

इंग्रजी सी अक्षरासारखा माझा पोलादी सांगाडा आहे. त्यातून एक लांब स्क्रू जातो. दांडी फिरवली की तो पुढे सरकतो आणि मध्ये ठेवलेली वस्तू दाबून धरतो. सरळ दाबणे, एवढेच मला येते. लोअर परळच्या एका गिरणीतल्या सुतारखात्यात दगडू साळसकरांनी माझ्याकडून तेवढेच काम घेतले. सरस लावलेल्या फळ्या ते माझ्या जबड्यात ठेवत, लाकूड जरा कुरकुरले की हात थांबवत आणि संध्याकाळी मला पुसून तेलाचा थेंब देत. गिरणी बंद पडली तेव्हा ते मला डिलाईल रोडच्या चाळीत घरी घेऊन आले.

त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाच्या, रघुवीरच्या हाती आलो. रघुवीर एका ऑफिसच्या इमारतीत सुरक्षारक्षकांचा मुकादम. दिवसभर हुकूम सोडायची सवय. दर रविवारी तो माझ्या जबड्यात कुर्ल्यांच्या नांग्या फोडी आणि मला न धुताच बादलीत टाकी. रात्रभर माझ्यावर मुंग्या फिरत. मी गंजलो, आंबट वासाने मळलो, पण कोणी चिंधीसुद्धा फिरवली नाही.

मागच्या वर्षी त्याने माझ्या मदतीने गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले. नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून कॅलिपरमधला, म्हणजे चाकाच्या तबकडीवर पॅड दाबणाऱ्या पकडीतला, पिस्टन आधी आत ढकलावा लागतो. पुढचे पिस्टन सरळ आत जातात, म्हणून माझ्याच्याने ते काम झाले. रघुवीरने मात्र सगळ्या चाळीला ऐकवले, "गॅरेजवाल्यांना काय येतं? आपला हात पाहिजे, हात!"

यंदा मागचे पॅड झिजले. रघुवीरची आई बकुळा हिच्या भावाला ऐंशी वर्षे पूर्ण होत होती आणि रविवारी पहाटे तिला कणकवलीला न्यायचे होते. शनिवारी सकाळी गल्लीत गाडी उचलून त्याने मागचे डावे चाक काढले आणि मला पिस्टनवर चढवले.

पिस्टन हलेना. त्याने आणखी जोर केला. माझा स्क्रू किंचाळू लागला, ब्रेकची काळी भुकटी आणि जुने वंगण माझ्या तोंडात गेले.

प्राची, त्याची मुलगी, शेजारी उकिडवी बसली होती. ती परळच्या एका इस्पितळात यंत्रांवर काम करते. तिने मोबाइलचा उजेड पाडला.

"पप्पा, थांबा. या पिस्टनच्या तोंडावर खाचा आहेत. पुढच्याला नव्हत्या. हा फिरवायचा असेल."

"तू मला शिकवतेस? पुढचे कोणी बसवले?"

त्याने माझ्या दांडीवर हातभर लांबीचा पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. आत काहीतरी कटकन वाजले. माझा स्क्रू वाकला. पिस्टन होता तिथेच राहिला. रघुवीरने मला शिवी हासडून गटाराच्या कडेला फेकले.

मित्रांनो, गटाराची मला इतकी घाण वाटली नाही, जितकी त्यानंतर जे पाहिले त्याची. त्याने कानस आणली आणि नवा पॅड घासायला घेतला.

"काय करताय?"

"पातळ करतो. मग बसेल."

"ब्रेकचा पॅड घासताय? आणि याच्यावर आजीला घाटातून नेणार?"

"जाऊन-यायचंच तर आहे!"

प्राचीने त्याच्या हातातून पॅड हिसकावला, गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली, पिस्टनचा फोटो काढला आणि मलाही कागदात गुंडाळून सोबत घेतले.

ऑपेरा हाउसकडच्या गाड्यांच्या हत्यारांच्या एका दुकानात कांताभाई नावाचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिले.

"हँडब्रेक कॅलिपरमध्येच आहे ना? मग आत आटे असतात. दाबता दाबता फिरवायला लागतं. हा बिचारा नुसता दाबतो. याला कशाला मारलंत?"

एवढ्या वर्षांत माझ्या बाजूने बोललेले ते पहिले शब्द होते. त्यांनी एक पेटी उघडली. त्यात स्क्रूचे हत्यार होते आणि दोन छोट्या खुंट्या असलेल्या लहानमोठ्या चकत्या. "खाचांत नीट बसेल तीच चकती घ्या. हळूहळू फिरवा. पण आधी जोर झालाय ना, आतलं मोडलंही असेल. हँडब्रेक तपासल्याशिवाय गाडी काढू नका."

पेटी विकत घेऊन आम्ही गल्लीत परतलो. उजव्या चाकाचा पिस्टन त्या हत्याराने गुमान आत गेला. प्राचीने दोन बोटांनी फिरवावे तसा फिरवला. डावाही आत गेला, पण अडखळत. पॅड बसले. मग तिने हँडब्रेक ओढला आणि सोडला. उजवे चाक मोकळे झाले. डावे झाले नाही. तिने पुन्हा पाहिले, तरी नाही.

"गाडी जाणार नाही," ती म्हणाली. "आजी, आपण एसटीने जाऊ."

"सगळं त्या भंगार क्लॅम्पमुळे," रघुवीर पुटपुटला.

बकुळा पायरीवर बसून सकाळपासून सगळे बघत होती. ती उठली, मला उचलले आणि माझा वाकडा स्क्रू त्याच्यासमोर धरला. "रघू, तुझ्या बापाशीच्या हातात हो क्लॅम्प चाळीस वर्षां होतो. एकदाय वाकलो नाय."

रघुवीर नळाखाली बराच वेळ हात चोळत राहिला.

दोघी एसटीने गेल्या. गाडी सोमवारी गॅरेजला ओढून न्यावी लागली आणि डावा कॅलिपर नवा घालावा लागला. मी आता कामाचा राहिलो नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. वस्तू सरकत नसेल, तर हात थांबवा आणि ती कशी बनली आहे ते वाकून बघा. तिच्यासाठी जे हत्यार आहे ते शोधा, मिळेपर्यंत गाडी उभी राहू द्या. आणि कुर्ल्या फोडायला घरात वरवंटा असतो.