अकरा नंबरचा नवस

वर्षाला तीन दिवस. त्याहून जास्त राजसबाईंनी देवाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता नेमके तेच जायच्या बेतात होते.

हे दिवस पोंगल सरला की यायचे. तंजावरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले नागोजीराव रजा टाकायचे, रात्रीच्या गाडीनं दोघं मद्रासला यायची आणि एग्मोर स्टेशनावर जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, बसून थेट कमलविलास लॉज गाठायची. लॉजसमोरच्या मैदानात तेव्हा प्रदर्शन भरलेलं असायचं. आकाशपाळणा, मौत का कुआँ, सरकारी खात्यांचे मंडप, काय विचारू नका. नागोजीराव एकूण एक मंडप बघायचे, अगदी खतांचासुद्धा. राजसबाई पहिल्या संध्याकाळी एक चक्कर मारायच्या, आकाशपाळण्याला खालूनच हात जोडायच्या, आणि मग उरलेला सगळा वेळ अकरा नंबरच्या खोलीत.

तुम्ही म्हणाल, एवढं मद्रासला जायचं आणि खोलीत बसायचं? अहो, पण त्या खोलीत काय होतं ते ऐका तरी. सकाळी दार वाजायचं आणि बाहेर म्हातारा वाढपी वाफाळती कॉफी घेऊन उभा असायचा. बस्स, एवढंच. जन्मभर कॉफी राजसबाईंनी करायची आणि घरादारानं प्यायची, हा जगाचा नियम. इथं कुणीतरी ती त्यांच्यासाठी करून आणायचं, वर विचारायचं, "अम्मा, साखर पुरे?" पहिल्या वर्षी त्यांना चक्क रडू आलं होतं. त्यांची एकुलती एक लेक कनकाही तेव्हा बरोबर यायची, त्या वर्षी ती पाच वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, कॉफी एवढी कडू आहे?"

पुढं कनका मोठी झाली आणि मैलापुरातल्या गजेंद्ररावांना दिली. मुलगी मद्रासला दिली म्हटल्यावर राजसबाईंना घोरच पडला. लेकीचं घर असताना लॉजात कोण उतरू देणार? पण रिवाज मदतीला धावून आला. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. जिथं जेवायचं नाही तिथं राहायचं तरी कसं? विहीणबाई हळहळल्या, पण रिवाजापुढं त्यांचाही इलाज चालेना. राजसबाई तोंड पाडून म्हणायच्या, "काय करणार विहीणबाई, जुन्या लोकांनी घालून दिलंय." आणि मनात म्हणायच्या, देव त्या जुन्या लोकांचं भलं करो.

मग गेल्या वैशाखात कनका माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. राजसबाईंनी आनंदानं गल्लीभर साखर वाटली, रात्ररात्र नातवाला मांडीवर घेऊन बसल्या. बारसं उरकलं आणि एक दिवस तांदूळ निवडताना त्यांच्या हातातलं सूपच थांबलं. मूल झालं, म्हणजे रिवाज संपला. म्हणजे लॉज संपलं! असला विचार मनात आला याची त्यांना भयंकर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून इच्छा थोडीच जाते?

पोंगलच्या आधी जावयाचा निरोप आलाच. आता थेट घरी यायचं, आई वाट बघतेय. नागोजीरावांनी रविवारी सकाळी येतो म्हणून कळवलं. राजसबाईंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ताक वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, रविवारी पोचायचं तर बुधवारी रात्री निघालं तर नाही का चालणार?"

नागोजीरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तीन दिवस लॉजात लपून? ही लबाडी आहे, राजस!"

"लबाडी कसली? रविवारी जाऊच की. आणि मैलापुरात राहिलात तर मंडप बघायला कोण सोडणार तुम्हाला? सगळे जेवायलाच घालत बसतील."

हे मात्र नागोजीरावांना पटलं.

गुरुवारी सकाळी दोघं अकरा नंबरात शिरली आणि राजसबाईंचा जीव भांड्यात पडला. सगळं होतं तिथंच होतं. खिडकीबाहेर थांबलेला आकाशपाळणा, भिंतीवर कुठल्याशा कापड दुकानाच्या जुन्या कॅलेंडरातला फिकट गणपती. दार वाजलं, कॉफी आली. त्यांनी ती पाय वर घेऊन, घोट घोट करत प्यायली. आंघोळ झाली, नागोजीराव खाली वर्तमानपत्र वाचायला गेले, आणि राजसबाई भरदिवसा चक्क आडव्या झाल्या.

दुपारी लॉजचे मॅनेजर नारायणस्वामी स्वतः जिना चढून आले. चेहरा फुललेला. "अम्मा, दरवर्षीसारखा फोन केला हो मी! जावईबापूंच्या बँकेत. म्हटलं, तुमची माणसं सुखरूप पोचली."

घ्या! भला माणूस, पण भलेपणा नको तिथं. या फोनचं राजसबाई साफ विसरूनच गेल्या होत्या.

तासाभरात खाली टॅक्सी थांबली. विहीण महालक्ष्मीबाई पुढं, मागं कडेवर पोर घेतलेली कनका, आणि सगळ्यात मागं, आपला काही संबंध नसल्यासारखे नागोजीराव. विहीणबाई अंगानं भरल्या होत्या, जिना चढून त्यांना धाप लागली होती, पण आवाजाला काही झालं नव्हतं.

"काय ओ विहीणबाई, आमच्या घराला दार नाही का? का आम्ही वाढलेलं तुम्हाला चालत नाही? अय्यो, मैलापुरात लोक काय म्हणतील, सुनेचे आईबाप येऊन लॉजात उतरले!"

चोरी ती चोरीच. राजसबाईंनी पुढं होऊन नातवाला घेतलं. त्यानं लगेच त्यांचं मंगळसूत्र ओढलं. हात मोकळे झाले तशी कनका पलंगावर बसली, खिडकीकडच्या बाजूला. लहानपणापासून ती तिचीच जागा.

विहीणबाई बोलत होत्या. घरात कनकाची नणंद आलीय, तिच्या दिरांची परीक्षा आहे, कालपासून पाहुणे आहेत, अन् तरीही सगळं टाकून धावत आले. राजसबाई मान हलवत होत्या, पण बघत होत्या लेकीकडे. पाच महिन्यांपूर्वी बाळासकट सासरी पाठवणी केली तेव्हा गाल भरलेले होते. आता डोळ्यांखाली काळं, बोटावर भाजल्याचा डाग, आणि पदराला ताज्या हळदीचा हात पुसलेला. बघता बघता कनकाची मान भिंतीला टेकली. सासू समोर बोलतेय आणि सून झोपली! तोंड अर्धवट उघडं, अगदी पाच वर्षांची असताना झोपायची तशी.

मीही तिच्या वयात अशीच उभ्या उभ्या झोपायचे, राजसबाईंना आठवलं, आणि मला कुणी झोपू दिलं नाही.

"कनका, ऊठ गं," विहीणबाई म्हणाल्या. "आईचं सामान बांध. टॅक्सी थांबलीय."

कनकाच्या पापण्या हलल्या. राजसबाईंनी कॅलेंडरातल्या गणपतीकडे बघितलं आणि मनातल्या मनात घाईघाईनं नवस बोलून टाकला. बाप्पा, माझ्या लेकीला आत्ता कुणी उठवलं नाही, तर तिला आणि बाळाला घेऊन तीन दिवस मी याच खोलीत राहीन.

मग तोंडानं म्हणाल्या, "विहीणबाई, तिला उठवू नका. मी नवस बोललेय."

"नवस?" विहीणबाईंचा हात कनकाच्या खांद्यापाशी थांबला.

"लेकीला आणि नातवाला घेऊन तीन दिवस याच खोलीत राहायचं. त्याशिवाय फिटत नाही तो."

"लॉजात राहायचा नवस? कुठल्या देवाला?"

राजसबाईंनी भिंतीकडे बोट केलं.

"कॅलेंडरच्या देवाला!"

"देव तो देव. बोललेला नवस मोडायचा म्हणजे उगाच पोराच्या जिवाला…"

पुढचं बोलायची गरज पडली नाही. विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. नवसापुढं त्या तरी काय करणार? तेवढ्यात म्हातारा वाढपी दुपारची कॉफी घेऊन आला. विहीणबाई नको नको म्हणाल्या, मग घेतली. पहिला घोट घेतला आणि गप्प झाल्या. दुसरा घेतला आणि पाय खुर्चीवर घेतले. झोपलेल्या सुनेकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

"मला इतकी दमलेली दिसली नव्हती ओ ती," त्या हळूच म्हणाल्या. "घरात सारखी पळतच असते. बसलेली कधी पाहिलीच नाही मी."

"आणि तुम्ही?"

"मी?" विहीणबाई हसल्या. "मी बसते की. देवळात."

आता घराच्या मानाचं काय करायचं, तेही राजसबाईंना सुचलं. "यांना घेऊन जा तुम्ही. मुलीचा बाप पहिल्यांदा मैलापुरात पानावर बसला म्हटल्यावर कुणाची बोलायची टाप आहे?"

"आणि माझे मंडप?" नागोजीराव म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग राजसबाईंनी वाढप्याला सांगितलं, उद्या सकाळी कॉफी आणाल ती धाकट्या अम्माच्या हातात द्यायची, गरम गरम. खरं सांगायचं तर ज्या तीन दिवसांसाठी एवढा खटाटोप केला ते आता दुपटी धुण्यात आणि पोर खेळवण्यात जाणार होते, पलंग लेकीचा, चटई आपली. पण त्याचं त्यांना काडीइतकं वाईट वाटलं नाही. उलट आपली खरी गरज आत्ताच भागल्यासारखं वाटलं.

नातवाला खांद्यावर घेऊन त्या जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. नागोजीराव पिशवी घेऊन खाली उतरले. विहीणबाई दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, खाली कुणी ऐकत नाही ना बघितलं.

"तीन दिवस चूल मी बघते, काळजी नको," त्या म्हणाल्या. मग आवाज अगदी बारीक केला. "विहीणबाई, असला नवस… दुसऱ्या कुणाच्या नावानं बोलला तर चालतो का ओ?"

"कुणाच्या?"

"माझ्या," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. मला कुणी कॉफी आणून दिली नव्हती."

राजसबाईंनी विहीणबाईंचा हात घट्ट धरला, सोडला, आणि खोलीत परत आल्या. कनका गाढ झोपली होती. बाहेर आकाशपाळण्याचे दिवे नुकतेच लागले होते आणि नातू ते बघून हात नाचवत होता. राजसबाईंनी त्याचे दोन्ही तळवे धरून गणपतीपुढं जोडले आणि पुढच्या वर्षीचा नवस लगेच बोलून टाकला. या वेळी दोन खोल्यांचा.