थोरल्यांचा उपास

वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी घरातल्या पहिल्या मुलाने उपास करायचा, असा ज्यू लोकांचा जुना नेम आहे. पूर्वजांच्या गुलामगिरीतल्या शेवटच्या रात्री त्यांची थोरली मुलं मरणातून वाचली, त्याची ही आठवण. यातून सुटायची वाटही आहे. कोणी धर्मशास्त्राचा एक अख्खा खंड शिकून त्या सकाळी पुरा केला, तर तो आनंदाचा प्रसंग ठरतो आणि त्याच्या जेवणाला जो बसेल त्याचा उपास सुटतो.

त्या सकाळी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत तिथल्या गुरुजींसमोर सहा थोरले आणि एक धाकटा बसले होते. खंड पुरा करणार होता धाकटा. तो नळदुरुस्ती करतो. त्याच्यावर उपास नव्हताच. वर्षभर रोज कामावरून सुटल्यावर तो शिकायला येत होता तो एका माणसासाठी, समोर हाताची घडी घालून बसलेल्या मोठ्या भावासाठी.

मोठा भाऊ शिंपी. साखरेचं दुखणं जुनं. सकाळी इंजेक्शन घेतलं की वेळेत खावं लागतं. मागच्या वर्षी याच दिवशी त्याने इंजेक्शन घेतलं, खाल्लं काहीच नाही आणि कापड कापायच्या टेबलाशी कोसळला. डॉक्टर रागावले. गुरुजींनीही सांगितलं की आजारी माणसावर हा उपास नाही.

“सूट आजाऱ्याला असते,” तो म्हणाला होता. “मी शिंपी आहे. पुढच्या वर्षी इंजेक्शनही घेणार नाही, मग तर झालं?”

हे वाक्य वहिनींनी धाकट्या दिराला जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गुरुजींकडे गेला. पूर्वी दरवर्षी गुरुजीच एक खंड पुरा करत. आता त्यांना अक्षर दिसत नाही. मग धाकटा अडखळत वाचायचा आणि गुरुजी अर्थ सांगायचे. सुरुवातीला एका ओळीला एक संध्याकाळ जायची.

टेबलावर पाव, उकडलेली अंडी, फळं मांडली होती. सणात आंबवलेलं चालत नाही, म्हणून हा शेवटचा पाव. ऊन वर चढल्यावर तो खाता येत नाही, जाळून टाकायचा असतो. वहिनी दाराशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत इंजेक्शन होतं.

धाकट्याने शेवटचं पान उघडलं, घसा खाकरला.

“गुरुजी, त्याला एक विचारू का?” मोठा भाऊ म्हणाला.

“काका, दुपारी विचारा की,” बसचा ड्रायव्हर म्हणाला. तोही थोरला आणि त्याला ड्युटीवर जायचं होतं. “पोटात कावळे ओरडताहेत.”

“अख्खा खंड केलाय म्हणतो ना? मग एका उत्तराने काय बिघडतंय? लहानपणी पाढे म्हणताना सातावर झोपायचा हा.”

“आठावर,” धाकटा म्हणाला. “सात पाठ होते. विचार.”

“शेजाऱ्याने तुझ्याकडे मडकं ठेवायला दिलं. तू ते दुसरीकडे न्यायला उचललंस आणि हातातून पडून फुटलं. भरपाई द्यायची की नाही?”

ड्रायव्हर तोंडावर हात धरून पुटपुटला, “नाही म्हण, नाही म्हण.” उत्तर दोनांपैकी एकच असणार होतं. ठोकून देता आलं असतं. धाकट्याने पानं मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली.

“गुरुजी, हे आपण केलेलं नाही.”

गुरुजींनी बोटांनी टेबलाची कड चाचपली. “याच्या मागचं केलंय. पुढचं केलंय. हे एवढं पान राहिलं. माझ्याही ध्यानात आलं नाही.”

“एका पानाचं काय एवढं?” ड्रायव्हर म्हणाला.

“पुरा म्हणजे पुरा. नाहीतर हा नुसता नाश्ता झाला, त्याने उपास सुटत नाही.”

मोठा भाऊ जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही. वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “असं कसं राहिलं हो? एक दिवस चुकवला नाहीत तुम्ही.”

“एक चुकला,” धाकटा म्हणाला. “दादाच्या पायाची जखम चिघळली तेव्हा. आपण सगळे दवाखान्यातच होतो की. ते पान नंतर करू म्हणालो आणि राहून गेलं.”

मोठ्या भावाने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

“आता शिकायला किती वेळ लागेल?” त्याने गुरुजींना विचारलं.

“तो अडखळत वाचणार, मी अर्थ सांगणार, दुपार होईल. बरोबर पान बघणारं कोणी बसलं तर पाव जाळायच्या आत होईल. तुला ते पान येतं.”

“मी कशाला बसू? माझा उपास आहे.”

“उपाशीपोटी शिकवायला बंदी नाही.”

मोठा भाऊ उठला. तो दाराकडे निघाला असं वहिनींना वाटलं आणि त्या दारातच पाय रोवून उभ्या राहिल्या. पण त्याने खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून धाकट्याशेजारी आणून ठेवली.

“वाच. आणि बोट धरून वाच, नाहीतर ओळ सोडशील.”

धाकटा वाचू लागला. मोठा भाऊ चुका काढत होता, आधी हळू, मग मोठ्याने. अर्थ त्याने शिंप्याच्या रीतीने लावला, तुकडे पाडून. मडक्याच्या भल्यासाठी हलवलं असेल तर भरपाई नाही. आपल्या सोयीसाठी हलवलं असेल तर द्यायची.

“कशासाठी हलवलं ते कोण ठरवणार?”

“हलवणाऱ्याला माहीत असतं.”

“आणि दोन्हीसाठी हलवलं तर? समज, मडकं वाटेत होतं. तिथेच राहिलं असतं तर कोणाचा तरी पाय लागून फुटलं असतं. आणि मलाही जायला वाट हवी होती.”

मोठ्या भावाने मान वर केली. “मी मडकं नाही.”

“मी कुठे म्हटलं?”

“वर्षभर हेच चाललंय तुझं. हे सगळं माझ्यासाठी, की तुझ्या जिवाचा घोर मिटावा म्हणून?”

“दोन्ही,” धाकटा म्हणाला. “तू पडलास की मला झोप लागत नाही. झोप माझी आहे, म्हणजे माझ्यासाठी. पडतोस तू, म्हणजे तुझ्यासाठी. आता सांग, भरपाई द्यायची की नाही?”

मोठा भाऊ उत्तरासाठी पानाकडे वळला. ओळीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. “थांब. आधी हातातून पडलं की ठेवल्यावर फुटलं, ते बघू.”

“भांडण बरोबर वाटेवर आहे,” गुरुजी म्हणाले. “पुढची ओळ घ्या.”

पुढे दोघं इतके रंगले की ड्रायव्हरला टेबलावर थाप मारून घड्याळ दाखवावं लागलं. पान संपलं. गुरुजींनी तीन उलटसुलट प्रश्न विचारले. दोनांना धाकट्याने नीट उत्तरं दिली. तिसऱ्यावर अडला. मोठा भाऊ ओठ घट्ट मिटून बसला होता. सांगायचं नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. धाकट्याने डोकं खाजवलं, चुकीचं उत्तर दिलं, मग स्वतःच ते खोडून बरोबर दिलं.

“हं,” मोठा भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडून धाकट्याने आजवर ऐकलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती.

मग शेवटचं पान. एकावर एक दोन बागा असतील आणि मधल्या उतारावर भाजी उगवली, तर ती वरच्याची की खालच्याची, असा वाद त्यात आहे. धाकट्याने ते न अडखळता वाचलं, अर्थ सांगितला, समाप्तीची प्रार्थना म्हटली. सगळे एकदम “आमेन” म्हणाले, ड्रायव्हर सगळ्यांच्या आधी.

पाव कापला गेला. बाकीच्यांनी घास घेतले. मोठा भाऊ तसाच बसून होता. धाकट्याने त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि उगाच अंडं सोलत बसला.

“अगं,” मोठ्या भावाने दाराकडे पाहून म्हटलं, “पिशवीत काय आणलंयस ते दे.”

एरवी तो दुकानात पडद्यामागे जाऊन इंजेक्शन घेतो. आज त्याने सगळ्यांसमोर सदऱ्याची कड वर केली, सुई टोचली, कड खाली केली आणि पावाचा मोठा तुकडा उचलला. त्यावरची प्रार्थना पुटपुटून तो खाऊ लागला. वहिनी तेव्हा कुठे खुर्चीवर टेकल्या.

“पुढच्या वर्षी कुठला खंड?” त्याने भरल्या तोंडाने गुरुजींना विचारलं.

“दादा, मी आता वर्षभर झोपणार आहे,” धाकटा म्हणाला.

“सण होईपर्यंत झोप. मग बसू. मी वाचतो, तू ऐक. आणि ते अंडं किती वेळ सोलणार आहेस? इकडे दे.”