हसू सोडलेलं घर

मैना आठ महिन्यांची झाली तरी हसली नव्हती. पालथी पडत होती, रांगायच्या बेतात होती, खुळखुळा वाजला की मान वळवत होती, भूक लागली की अख्खी आळी गोळा करत होती. पण हसू म्हणून नाही. समोर कुणी तोंडं वेडीवाकडी केली की ती त्याच्याकडे अशी बघायची, जसा बँकेतला माणूस सही जुळवून बघतो.

मी बी.एस्सी. झालेली. बालसंगोपनाच्या पुस्तकात चौथ्या महिन्यात मूल खळखळून हसतं असं छापलेलं होतं. ते पान मी इतक्यांदा उघडलं होतं की पुस्तक आता आपोआप तिथंच उघडायचं. डॉक्टरांनी मैनाच्या कानाशी चुटक्या वाजवल्या, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "काही नाही हो, काही मुलं गंभीर असतात. वकील होईल." माझ्या काळजीचं त्यांना फार हसू आलं. ते एकटेच हसले, कारण आम्हांला हसायची बंदी होती.

बंदी सासूबाईंनी घातलेली. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिकडच्या शेतकरी घरांत हासाय नावाची देवी मानतात, आनंदाची आणि दयेची. कुणी नवसाला वांगं सोडतं, कुणी चहा सोडतं, तसं हासायच्या नवसाला हसू सोडायचं. मागणं पुरं होईपर्यंत घरात कुणी दात दाखवायचे नाहीत. देवीचा हिशेब सरळ आहे: तुमचं हसू माझ्याकडे ठेवा, ते मी तुमच्या पोराला देते. मात्र मध्येच कुणी हसलं तर मागितलेलं कायमचं गेलं. मैना तीन महिन्यांची असताना शेजारचं तिच्याच वयाचं पोर खिदळताना सासूबाईंनी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी देवापुढं सुपारी ठेवून घराचं हसू सोडून टाकलं.

"घराचं म्हणजे माझंही?" मी विचारलं.

"तू काय घरात ऱ्हात नायस?" त्या म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याचं बरं होतं. रघू पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये. आठवडाभर तिकडे पोटभर हसून घ्यायचा आणि रविवारी रत्नागिरीला येऊन आमच्याबरोबर उपास करायचा. तरी एकदा जेवताना त्याला साहेबांचा काहीतरी किस्सा आठवला आणि तो ताट तसंच टाकून विहिरीकडे पळाला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. सासूबाई म्हणाल्या, "लेकीच्या काळजीनं रडतोय बिचारा."

मला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. घरातली तीनही माणसं कोर्टात उभी राहिल्यासारखी वावरत असताना पोरानं हसू शिकायचं कुणाकडून, हा प्रश्न मला रोज पडायचा. पण तो सोडवायचा तर हसून बघावं लागणार होतं, आणि माझं चुकलं असतं तर किंमत मैनाला मोजावी लागली असती. प्रयोगशाळेत बेडूक होते. इथं पोर होतं. मी गप्प बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. सकाळी, दुपारी, दूध पाजताना, ती झोपल्यावरसुद्धा. ओठांचा कोपरा हलला का, गालाला खळी पडतेय का. तीही माझ्याकडे तशीच बघायची.

आमची चाळ मिरकरवाड्याच्या मासळी बंदराजवळ, आणि घरमालकीण आनंदीबाई त्याच चाळीच्या पुढच्या खोल्यांत राहायची. तिचा नवरा लवू मासेमारीचा ट्रॉलर चालवणारा तांडेल. हासाय तिचीही देवी, पण तिच्याकडे तिचं नाव हसरी मावशी. दर्यावरच्या लोकांचं म्हणणं, मावशी जगाची दुःखं ऐकून ऐकून कंटाळलेली असते, तिला आधी हसवायचं. काही गमतीचं सांगितल्याशिवाय तिथं नारळ फोडत नाहीत, आणि गंभीर माणसाच्या हातचा नैवेद्य मावशी घेत नाही.

"तुमची देवी उपाशी मरंल अशानं, येसूबाय," आनंदीबाई सासूबाईंना दारातून म्हणायची. "पोराला काय सुतक शिकवताव?"

"देवापुढं दात काडनं तुमच्यात चालत आसंल," सासूबाई म्हणायच्या. "आमच्यात लाज हाय."

गंमत म्हणजे दोघींची देवी एकच, दगडही एकच. शहराबाहेर सड्यावर, वरच्या कातळमाळावर, काजूच्या झाडाखाली, नाक-डोळे नसलेला जांभ्याचा दगड. बंदरावरच्या मुसलमान बायकाही तिथं येतात, त्यांच्यात ती खुशालबी. तिथला गुरव धाकू हुशार माणूस. एका वर्षी हसणाऱ्यांनी न हसणाऱ्यांना चिडवलं आणि नारळ एकमेकांवर फुटायची वेळ आली, तेव्हापासून त्यानं जत्रेचा दिवस वाटून दिला होता. सकाळ वरच्या गावांची, दुपार दर्यावरच्यांची, संध्याकाळ बंदरावरच्या बायकांची. आनंदाची देवी तीन पाळ्यांत कामाला होती, आमच्या पॉवरहाऊससारखी.

देवदिवाळीनंतर जत्रा आली. सासूबाई म्हणाल्या, पोराला देवीच्या पायावर घालू, तिला आठवण तरी करून देऊ. आम्ही सकाळची एस.टी. धरली. चढावर तिचं चाक पंक्चर झालं. कंडक्टर, ड्रायव्हर आणि निम्मे उतारू चाकाभोवती जमून मतं देत बसले, आणि आम्ही सड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"तुमची येळ टळली," धाकू म्हणाला. "आता दर्यावरच्यांची चालू हाय."

"देवी काय टपालकचेरी हाय, खिडकी बंद करायला?" सासूबाई म्हणाल्या.

"बसा मग कडंला. पन मी जबाबदार नाय."

आम्ही काजूच्या मुळावर बसलो. सासूबाईंनी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला आणि मलाही खूण केली. माझ्या कडेवर मैना होती. मी नुसते ओठ आवळले. त्यात मी आता तरबेज झाले होते.

दगडापुढं आनंदीबाई उभी होती. तिनं आम्हांला पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला आवडलं नाही. ती दगडाकडे वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो मावशी, आमच्या तांडेलाची भक्ती ऐकलीस काय?"

मागच्या बायका आधीच फिसफिसायला लागल्या.

"गेल्या म्हैन्यात आमच्याकडं म्हाराज आलेले. सासू म्हणाली, घरात मासळी आणायची नाय. आणि ह्येनं मेल्यानं बंदरावरून जिती कुर्ली आणली, दोस्तांबरोबर खायला. लपवायची कुठं? तर लुंगीच्या ओच्यात. परसातून सटकणार, तेवढ्यात सासूनं हाक मारली, बाबा, म्हाराजांच्या पाया पड."

आनंदीबाई दगडापुढं वाकली. वाकली ती वाकूनच राहिली. तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"कुर्लीनं नांगीत धरला. कुठं धरला ते तुला सांगत नाय, तू बाईमाणूस हायस. उठवत नाय, बोलवत नाय, डोळ्यातनं टिपं गळतायत. म्हाराजांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, एवढी भक्ती मी सगळ्या कोकणात नाय बघितली. सासू म्हणाली, उठ रे, पुरे. म्हाराज म्हणाले, नको, त्याला उठवू नका, समाधी लागलीय. आणि सगळी आरती झाली मावशी, धूप, दीप, सगळं, आणि ह्यो तसाच." ती तशीच वाकून एका हातानं अदृश्य घंटा वाजवायला लागली. "आता म्हाराज पत्र पाठवतात, लवूभक्त कसा हाय म्हणून."

बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. धाकूनं समईच्या आडोशाला तोंड वळवलं. माझ्या शेजारून कुकरची शिट्टी होण्याआधी जसा आवाज येतो तसा आवाज यायला लागला. सासूबाईंचा निम्मा पदर तोंडात गेला होता, खांदे गदगदत होते, आणि कपाळावर मात्र त्यांनी कडक आठी धरून ठेवली होती. ती आठी बघितली आणि माझं संपलं.

आवाज फार मोठा नव्हता. पण दात दिसले असावेत, कारण मैनानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अनोळखी बाई घरात आल्यासारखं पाहिलं. मग हात पुढं करून तिनं माझ्या दातांना बोट लावलं. ते ओलं, टणक काहीतरी आहे हे तिला पटलं असावं, आणि तिच्या गळ्यातून मातीच्या घागरीत पाणी पडावं तसा आवाज आला. एकदा. मग पुन्हा. मग ती थांबेचना, कडेवरून निसटेल इतकी हसायला लागली. तिला घट्ट धरून मी नुसती बघत होते.

त्या आवाजानं सासूबाईंचा पदर सुटला. पाच महिन्यांचं साठलेलं हसू होतं ते. त्यांना धरायला दोघी बायका धावल्या.

आणि मग एकदम त्या थांबल्या. तोंड पांढरं पडलं.

"आधी कोन हसलं?"

घरातलं कुणीही तिच्याआधी हसलं असेल तर नवस मोडला होता, मैना आधी हसली असेल तर फिटला होता.

"पोर हसलं, मावशीनं हसवलं," आनंदीबाई म्हणाली. "आधी-मागचं काय घेऊन बसलाव?"

"तुझ्या मावशीनं नाय, आमच्या हासायनं. पाच म्हैनं हसू ठेवलंय आमी तिच्याकडं. ए गुरवा, तू बोल."

धाकूला दोन्हींकडचे नारळ हवे होते. "मी समई बघत होतो," तो म्हणाला. मग त्याला तोड सुचली. "आईला विचारा. आईची नजर पोरावर आसते."

सगळे माझ्याकडे वळले. खरं होतं ते. आठ महिने मी त्या तोंडावरून नजर काढली नव्हती, आणि कोण आधी हसलं हे त्या सड्यावर फक्त मला ठाऊक होतं. सासूबाईंनी पदर पुन्हा तोंडाशी धरला होता. त्यांनी चेष्टेनं हसू सोडलं नव्हतं. नातीसाठी सोडलं होतं. नवस मोडला असं कळलं असतं तर त्या आयुष्यभर मैनाच्या प्रत्येक हसण्याकडे शेवटचं म्हणून बघत राहिल्या असत्या. तसं बघणं कसं असतं ते मला माहीत होतं.

"मैना," मी म्हणाले. "मैना आधी हसली. मग तुम्ही."

माझ्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पाच महिन्यांचा सराव होता.

सासूबाईंनी तिथंच बसकण मारली आणि पदरानं डोळे पुसले. मग आनंदीबाईच्या हातातला गूळ-खोबऱ्याचा तुकडा न विचारता घेऊन तोंडात टाकला. "त्या कुर्लीचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं.

परतीची एस.टी. सांजेची. सासूबाई आणि आनंदीबाई देवी कुणाची यावर भांडत भांडत थांब्याकडे चालत गेल्या, मधूनच कुर्लीची आठवण होऊन थांबत. मैना सासूबाईंच्या कडेवर होती आणि त्यांच्या नथीला हात घालून खिदळत होती. मी मागं राहिले. दगडापुढं एकटीनं उभं राहून मला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर म्हणावं की आभार, ते ठरत नव्हतं. शिवाय माझा विश्वास नव्हता.

तेवढ्यात बंदरावरच्या बायका आल्या. पुढं एक म्हातारी, जैनबी. मी बाजूला सरकले, पण गेले नाही. तिनं नारळ आणला नव्हता, काही मागितलं नाही, काही सांगितलंही नाही. हिरव्या काचेची एक बांगडी दगडाशी ठेवली, खाली वाकली आणि शेजारणीला विचारावं तसं मायेनं विचारलं, "बरी हायस ना गो?"

"बरी आहे," मी म्हणाले.

प्रश्न मला नव्हता, हे तोंडातून गेल्यावर मला कळलं. जैनबीनं आधी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाली थांब्यावरून सासूबाई मैनाला उचलून धरून हाका मारत होत्या, एस.टी. आली म्हणून.

"बरी हायस तर जा मग," जैनबी म्हणाली. "पोर वाट बघताय."