कुरकुरणारी कप्पी

मी कप्पी बोलतेय. बोलतेय म्हणजे कुरकुरतेय, मला दुसरं काही येतच नाही. तंजावुरातल्या कॉलेजच्या वसतिगृहामागे एक विहीर आहे, तिच्यावर मी टांगलेली असे. ओरत्तनाडूच्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं, पोटात लोखंडी दांडा घातला आणि दोर ओढून पाहिला. पहिल्याच फेऱ्याला मी अशी काही किंचाळले की तो कानावर हात ठेवून म्हणाला, "बडबडी आहे, पण टिकेल."

टिकले खरी. पाचव्या जॉर्ज बादशहाचं राज्य तेव्हा जोरात होतं. पोरं रात्रभर इंग्लंडचा इतिहास घोकत आणि सकाळी माझ्या नावाने खडे फोडत. स्वयंपाकी वैद्यनाथ तर सणासुदीला तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे लागे. पण वाटी विहिरीपर्यंत पोचायच्या आत त्याला अप्पळम, म्हणजे पापड, तळायची आठवण होई. तेल कढईत जाई आणि मी कोरडीच राही.

सत्र संपलं की पोरं ट्रंका उचलून पळत. मग मी आणि कावळे. वापराविना माझा दांडा गंजे. माणसाला सुट्टी गोड, वस्तूला नाही.

एका वर्षी मात्र एक पोरगा मागे राहिला. वादिराज त्याचं नाव, वय विशीच्या पुढे, लग्न होऊन जेमतेम तीन महिने झालेले. घर दूर तिरुनेलवेलीला. सुपरिंटेंडेंटना त्याने कारण सांगितलं, "अभ्यास!" तेही भोळे, खोलीची किल्ली देऊन मोकळे झाले.

अभ्यास कसला! तंजावुराहून पापनाशम आगगाडीने हाकेच्या अंतरावर, आणि पापनाशमला त्याची बायको वसुमती माहेरी आलेली. आमच्याकडे नव्या नवरीला आषाढात माहेरी नेतात. तो महिना नवराबायकोने एका छपराखाली राहायचं नसतं. महिना संपला की ती तिरुनेलवेलीला सासरी जाणार आणि हा वर्षभर कॉलेजात अडकणार. भेट व्हायची ती या सुट्टीतच. म्हणून साहेब पुस्तक मांडीवर उघडं टाकून विहिरीच्या काठावर बसत आणि स्टेशनाच्या दिशेने बघत. खानावळ बंद होती, वैद्यनाथ राहिला होता तो नुसता राखणीला. भात स्वतः करी आणि करपवी. मग करपलेलं भांडं घासायला माझ्याकडून पाणी. माझी मजा होती.

आषाढी अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी न्हाऊन, कोरी वेष्टी नेसून, मोगऱ्याचा गजरा केळीच्या पानात बांधून गाडीला गेली.

दुपारच्या गाडीने परत!

गजरा हातात तसाच. तोंड धुवायला विहिरीवर आला, तेव्हा वैद्यनाथने विचारलं, "काय झालं, मापळ्ळे? जावईबापूंस जेवण घाटलं नाही?"

"जेवण घाटलं की. ओसरीवर पान मांडून." वादिराजने बादली आपटली. "सासूबाईंनी सांगितलं, आडी महिना संपाला अजून पंधरा दिवस आहेत, तवर घरात पाऊल नको. मी सांगितलं, आषाढ काल सरला की! तर म्हणाल्या, ते तुमचं तिरुनेलवेलीचं पंचांग. आमी हिंगड, ह्या बाजूस, आडीच मोजतो."

घोटाळा तो असा. दोन्ही घरं मराठीच, पण याच्या घरी चंद्राचा महिना आणि तिच्या घरी तमिळ लोकांसारखा सूर्याचा, म्हणजे आडी. लग्नात पत्रिका जुळवल्या, मानपान ठरवले, पण महिना कोणाचा धरायचा हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

"आणि पोरगी?" वैद्यनाथने विचारलं.

"दाराआड बांगड्या वाजल्या. तेवढंच."

आडी संपायच्या आतच कॉलेज उघडणार होतं. वादिराजने गजरा माझ्या खांबाला अडकवला आणि खोलीत जाऊन निजला. मला फार वाईट वाटलं. मोगरा दोन दिवसांत वाळला, पण काढायला वादिराज काही आला नाही.

मग आडीतला शुक्रवार आला. त्या दिवशी गावोगावच्या बायका मारिअम्मनच्या दर्शनाला तंजावुरी येतात. टळटळीत दुपारी एक बैलगाडी वसतिगृहाच्या मागच्या दाराशी थांबली. आधी एक ठसठशीत बाई उतरल्या, गंगाबाई, वादिराजच्या सासूबाई. मागून वसुमती, कपाळभर कुंकू, नजर जमिनीवर.

"देवीकडून येतोय. तहान लागली," गंगाबाई मोठ्याने म्हणाल्या. "पाणी मिळंल की हिंगड?"

वादिराज धावत आला आणि चार हात लांब थबकला. "पण आत्याबाई, आडी..."

"एका छपराखाली नको म्हणून सांगितलंय मोठ्यांनी." गंगाबाईंनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. "ह्या विहिरीस छप्पर कुठं आहे?"

आणि त्या पाठ फिरवून वैद्यनाथला लिंबाच्या लोणच्याची कृती विचारू लागल्या.

वादिराजने दोर धरला. वसुमतीने कळशी पुढे केली. कळशी भरली, तुळशीत रिकामी झाली. पुन्हा भरली, केळीला गेली. अंगणातल्या झाडांना इतकं पाणी जन्मात मिळालं नव्हतं. मी गरगर फिरत होते आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होते. ती दोघं खालमानेने बोलत होती, मधेच हसत होती. वाळका गजरा खांबावरून कधी उतरला आणि तिच्या वेणीत कधी गेला, माझ्याही लक्षात आलं नाही.

वैद्यनाथला मात्र माझ्या आवाजात लोणच्याचं प्रमाण सांगता येईना. तो चिडून उठला आणि खरोखरच तेलाची वाटी घेऊन आला. "हिचं तोंड आज बंद करतो!"

गंगाबाईंनी त्याचा हात धरला. "कसाला हो तेल? चोखट वाजतेय की."

आता वसतिगृहात नळ आलेत. मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या पाटांच्या ढिगावर पडून आहे. पोरं म्हणतात, नळ बरा, आवाज करत नाही. असेल. पण सुट्टीत कोणी एकटं मागे राहिलेलं दिसलं, तर मला पुन्हा विहिरीवर टांगा, एवढंच मागणं. त्या दुपारी ती दोघं काय बोलली म्हणून विचाराल, तर शपथेवर सांगते, माझ्या कुरकुरीत मलाही एक अक्षर ऐकू आलं नाही. तेल तेवढं घालू नका.