मधली भिंत पडेपर्यंत

मित्रांनो, मी भिंतीवरची शोभा नाही. मी एक जुनी फळी आहे, जेवणाची. आब्रुझ्झोच्या डोंगरात रोकास्पिना नावाचे गाव आहे. तिथल्या खानावळीच्या मोठ्या टेबलावर मी साठ-पासष्ट वर्षे आडवी पडून राहिले. आता थकले आहे. पाठीत लांब चीर गेली आहे. तरी सांगते, कारण आजवर कोणी विचारलेच नाही.

एव्हारिस्तो सुताराने मला आपल्या मुलीच्या, कॉन्चेत्ताच्या लग्नासाठी घडवले. त्याने मला तेल लावले नाही, रंग लावला नाही. "हिला फक्त जेवण लागू दे," एवढेच तो म्हणाला. पुढे कॉन्चेत्ताने खानावळ काढली आणि माझी चाकरी सुरू झाली.

चाकरी साधी होती, पण सोपी नव्हती. तांब्याच्या हंड्यात तासभर ढवळलेला मक्याच्या पिठाचा पोलेंता कढत असतानाच माझ्यावर ओतायचा. त्यावर टोमॅटोचा रस्सा, मेंढीच्या चीजचा कीस आणि सगळे सॉसेज बरोबर मधोमध. ताटे नाहीत. ज्याने त्याने आपल्या कडेपासून खात खात मध्याकडे सरकायचे आणि जो आधी पोहोचेल त्याने सॉसेज उचलायचे. मेंढपाळ यायचे, ट्रकवाले यायचे, वाट चुकलेले प्रवासी यायचे. गावचे पाद्रीबाबा सगळ्यांत लबाड. प्रार्थना तेच म्हणायचे आणि "आमेन" म्हणेपर्यंत त्यांचा काटा दोन बोटे आत शिरलेला असायचा! माझी पाठ रोज भाजायची, रोज सुरीने खरवडली जायची. पण लोक उठताना माझ्यावर थाप मारून जायचे. ते बरे वाटायचे.

सोमवारी खानावळ बंद. त्या दिवशी कॉन्चेत्ताची दोन मुले, एर्सिलिया आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान दोनातो, माझ्या समोरासमोरच्या कडांना बसायची. त्यांचे भांडण झाले की दोघेही मध्यापर्यंत यायचेच नाहीत. डावी-उजवीकडचे खाऊन घ्यायचे आणि मध्ये पोलेंत्याची एक आडवी भिंत तशीच ठेवायचे. मग कॉन्चेत्ता कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"भिंत पडल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मला काय, मी संध्याकाळपर्यंत उभी राहीन."

भिंत थंड होऊन माझ्या पाठीला चिकटायची. शेवटी कोणाला तरी हसू फुटायचे आणि दोन्हीकडून काटे घुसायचे. असे मी शंभरदा तरी पाहिले.

कॉन्चेत्ता गेली. एर्सिलिया हंडा ढवळू लागली, दोनातो गिऱ्हाइके बघू लागला. दोघांचेही केस पांढरे झाले, तरी सोमवारचे जेवण चुकले नाही. मग एकदा शहरातले काही प्रवासी आले आणि मला बघून त्यांनी नाके मुरडली. एकमेकांचे उष्टे कसे खायचे, म्हणाले. दोनातो मुळात भिडस्त. तो फार ओशाळला. एर्सिलिया लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर तुरिनला गेली, तेव्हा त्याने चाळीस पांढरी ताटे आणली आणि मला अंगणात नेऊन वॉर्निशचे दोन हात दिले. मला मान द्यावा म्हणूनच दिले, हेही सांगितले पाहिजे. मग मला भिंतीवर टांगून वर छोटा दिवा लावला.

एर्सिलिया परतली. तिने माझ्यावरून बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"चकाकी आणली! किती छान दिसतेय बघ."

"हिच्यावर आता जेवायचं कसं?"

"जेवायचं कशाला? ताटं आहेत ना."

ती बॅग उचलून आत गेली. त्या सोमवारपासून ती स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवू लागली. दोनातो बाहेर एकटा ताट घेऊन बसायचा. ताटांना मधली जागा नसते, मित्रांनो. भांडण मिटवायला कुठे यायचे तेच दोघांना कळेना. अशी चार वर्षे गेली. प्रवासी माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि दोनातोला विचारायचे, "इथलं खरं गावाकडचं जेवण कुठं मिळेल हो?" मी ऐकत राहायचे. इतका शीण मला कढत पोलेंत्यानेही कधी आला नव्हता.

मग जानेवारीत एर्सिलियाने सांगितले की ती कायमची तुरिनला लेकीकडे चालली. सोमवारी, तीनच्या बसने.

शुक्रवारी दोनातोने मला खाली उतरवले, लाकडाच्या खोपटात नेले आणि फुटक्या बाटलीच्या काचेने वॉर्निश खरवडू लागला. मग पॉलिशपेपर. तीन दिवस तो घासत होता. त्याची बोटे कापली, तो शिव्या देत होता, बहुतेक स्वतःलाच. मला भीती वाटत होती, कारण माझ्यात आता घासण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. पाठीतली चीर तेव्हाच पडली, थेट कडेपर्यंत.

सोमवारी दुपारी एर्सिलिया कोट घालून, बॅग घेऊन बाहेर आली. टेबलावर मी होते आणि माझ्यावर वाफाळता पोलेंता.

"कोणी केला हा?"

"मी."

"दिसतंच आहे. केवढ्या गुठळ्या!"

"बस तरी. आईचा नियम आहे."

ती कोट न काढताच बसली. दोघे आपापल्या कडेपासून खाऊ लागले. सॉसेज भिंतीच्या माथ्यावर तसेच राहिले. तेवढ्यात उष्णतेने माझी चीर उघडली आणि रस्सा थेट दोनातोच्या विजारीवर गळू लागला. तो दचकून उठणार, तोच ती ओरडली, "ए, उठायचं नाही!" तिने हात लांबवून मागच्या फडताळातले एक पांढरे ताट ओढले आणि माझ्या कडेखाली धरले.

"बघ. तुझी ताटं शेवटी कामाला आली."

दोनातो हसला आणि हसता हसता त्याला रडू आले. "चुकलो गं," तो म्हणाला. तिने एक सॉसेज त्याच्या बाजूला ढकलले आणि खाऊ लागली. भिंत दोन बोटांएवढी उरली. बाहेर वळणावर बसचा भोंगा वाजला. एर्सिलियाने काटा खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

"अगं, बस आली," दोनातो म्हणाला.

"आली असेल. भिंत कुठं पडलीये अजून?"

बस थांबली, थोडी वाट पाहून निघून गेली. घाटातला तिचा आवाज विरेपर्यंत दोघांपैकी कोणीही भिंतीला काटा लावला नाही. मग एर्सिलियाने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या घरी माझ्यासारखे काही जुने असेल, तर मानाने भिंतीवर टांगू नका. वापरा. झिजले तर झिजू द्या. मी काही आता फार वर्षे टिकत नाही. आज रविवार आहे, सोळा माणसे जेवून गेली, पाठ अजून जळते आहे. उद्या सोमवार. दोघे सकाळपासूनच कशावरून तरी भांडताहेत आणि चिरेखाली ताट लावून ठेवलेले आहे.