दुसरी साक्ष

आई भाजी निवडत बसली होती. नववीतली धाकटी शाळेतून आली आणि तिने चित्रांचा कागद आईपुढे केला. इतिहासाच्या बाईंची ही नवी पद्धत. सनावळ्या घोकायच्या नाहीत, आपल्याच घराचा इतिहास चित्रकथेत काढायचा, आणि प्रत्येक चौकटीला दोन साक्षीदार हवेत. एकच असला तर ती ऐकीव गोष्ट.

"आई, या चौकटीला दुसरी सही तुझी."

आईने हात पुसून पाहिलं. खाटेवर थोरली लेक, सोळा वर्षांची, बाळंतपणात तळमळणारी. तिचा नवरा दारात उभा राहून म्हणतोय, "दवाखाना कशाला? बायका काय आजच बाळंत होतात?" खाली धाकटीची सही: दाराआडून पाहिलं.

"अगं, तापाने गेली ती. किती वेळा सांगितलं!"

"मग तसं लिही आणि सही कर," धाकटी म्हणाली.

खोटं बोलणं सोपं असतं हो. त्याखाली सही करायची म्हटलं की हात जड होतो. आई पुन्हा भाजी निवडू लागली.

तेवढ्यात बाप आला. मागोमाग जावई, कडेवर थोरलीचं दीड वर्षाचं पोर. त्यांच्यात रीतच होती, थोरली गेली की तिच्या जागी धाकटी द्यायची. वर साळसूदपणे म्हणायचं, मावशीइतकी माया कोण करणार?

"शाळा पुरे झाली," बाप म्हणाला. "या महिन्यात उरकून टाकू. घरचाच मुलगा, पाहिलेला, पारखलेला."

धाकटीने आईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती. आईने पेन उचललं, सही केली आणि कागद जावयासमोर धरला.

"ताप नव्हता. दवाखान्यात न्या म्हणून मी पाया पडले होते, तुमच्या आणि यांच्याही. ही पोर मी देणार नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?" बाप ओरडला. "लोक शेण घालतील तोंडात!"

"घालू देत. लोकांना भिऊनच एक लेक घालवली."

जावई ताडकन मागे वळला. "मग नातवाचं तोंडही विसरा." पोर आजीकडे हात पसरून रडत होतं, पण तो थांबला नाही.

नातू पुन्हा त्या घरात आला नाही. बाप बायकोशी बोलत नाही. धाकटी दहावीत गेली. आणि कुणाची तरणी लेक तापाने गेली असं कानावर आलं, की आई त्या घरी जाते आणि सगळ्यांदेखत विचारते, "कुणी पाहिलं?" लोक तिला दारातूनच घालवून देतात.

वाचकहो, उद्या ती तुमच्या दारात आली तर काय सांगाल?